झाकलेले सात सेकंद

१

पडद्यावर खाली ओळ उमटली, ‘तिला कळवू नका.’ आणि वर बाबा भलतंच काहीतरी बोलत होते.

थोरलीचा हात माउसवर तसाच राहिला.

ओळ तिनंच लिहिली होती. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, शब्द कधी सुरू होतो आणि कधी संपतो याची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदवून. सबटायटल्स लिहिणं हे तिचं पोटापाण्याचं काम. बाबा तिला हाकच ‘खालची ओळ’ अशी मारायचे. फोन उचलला की, “काय खालची ओळ, जेवलीस का?” परक्या माणसांची बोलणी ती रोज लिहायची, बाबांचे हे शेवटचे बावीस सेकंद लिहायला मात्र तिला तीन आठवडे लागले होते. लिहून झाल्यावर ओळी चित्रात पक्क्या करून घ्यायला ती त्यांच्या दुकानात आली होती. जुन्या कॅसेटी नव्या फॉरमॅटमध्ये उतरवून देणारं दुकान. घरच्या रेकॉर्डिंगचं एक वेगळं कपाट होतं, आणि त्यात ठेवायची ही शेवटची फाइल.

ती फाइल दुकानातल्या जुन्या कन्व्हर्टरमध्ये उघडली होती. घड्याळाच्या जागी बावीसऐवजी एकोणतीस सेकंद दिसत होते, हे तिच्या आता लक्षात आलं.

तिनं फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली आणि आवाज वाढवला.

“...शब्द मला आजही पाठ आहेत,” बाबा सांगत होते. “दारात उभं केलं मला. आणि काय म्हणाले—”

इथं बाबांनी हनुवटी वर उचलली, आवाज जड केला, आणि मग तिला तोंडपाठ असलेलं सगळं सुरू झालं. “तिला कळवू नका. लांब आहे ती, धावत येईल, रडेल, मला ते बघवणार नाही. माझी शपथ आहे तुम्हाला. सगळं उरकलं की मग पत्र टाका.” त्यानंतर बाबा खाली बघतात. चित्र संपतं.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं ते तिला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते गेले तेही ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला, दहा तासांचा प्रवास करून ती दारात उभी राहिली, तेव्हा सगळं उरकलेलं होतं. “मला का नाही बोलावलं?” एवढंच तिनं विचारलं. भावानं फोन पुढे केला आणि हा व्हिडिओ लावला. तेव्हा आत्यानं तिला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. “मला विचार, पोरी, ते काय असतं,” एवढंच म्हणाली.

तेव्हापासून थोरली एकाच गोष्टीशी झुंजत होती. बाबांना मी नको होते.

आणि आता हे सात सेकंद. त्यात ‘म्हणाले’ होतं. म्हणजे ते शब्द दुसऱ्याच कुणाचे होते.

“मास्तर,” तिनं हाक मारली. “मास्तर, जरा इकडे या.”

२

मास्तर आतल्या खोलीत एका बुरशी धरलेल्या कॅसेटीची फीत पुसत बसले होते. सव्वीस वर्षं बाबांबरोबर काम केलेला माणूस. गेलं वर्षभर ते थोरलीशी कामापुरतंच बोलत, कारण दुकान बंद करा असं तिनं बाबांना सुचवलं होतं आणि बाबांनी ते मास्तरांना सांगितलं होतं.

हात पुसत ते आले, खुर्चीत बसले. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, चष्मा काढून ठेवला.

“कुणीतरी कापलंय,” ती म्हणाली.

“कापलेलं नाही. झाकलंय.”

“म्हणजे?”

“व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि मधली सगळी त्याच्या आधारानं उभी असतात. या फाइलमध्ये दर दहा सेकंदांनी एक पूर्ण चित्र आहे. आता तुला मध्येच कुठंतरी कापायचंय, तर तिथून पुढचं सगळं नव्यानं बनवावं लागतं. त्याला वेळ लागतो, मशीनचा घाम निघतो. काही हलके प्रोग्राम ते करतच नाहीत. मागच्या पूर्ण चित्रापासून सगळं राहू देतात आणि फाइलवर चिठ्ठी डकवतात, की सात सेकंद सोडून मग दाखव. तुझा लॅपटॉप चिठ्ठी वाचतो. फोन वाचतो. हा आपला कन्व्हर्टर वाचत नाही. अडाणी आहे तो.” मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. “अडाणी आहे म्हणून खरं बोलला.”

“चुकून होईल असं?”

“‘तिला’च्या अगदी आधी? चुकून?” मास्तर म्हणाले. “कुणीतरी ऐकून, थांबून, पुन्हा ऐकून जागा धरलीय.”

तिनं फाइल पुन्हा ‘तिला’च्या आधी आणून थांबवली.

“तुझ्या भावाकडे ही फाइल आली कशी?”

“बाबांच्या फोनवरून. ऑपरेशनच्या दिवशी. डॉक्युमेंट म्हणून पाठवली होती, घरात सगळे पाठवतात तशी.”

“त्यामुळंच टिकलं हे सगळं. नुसता व्हिडिओ म्हणून पाठवली असती तर वाटेत पुन्हा बनली असती आणि हे सात सेकंद गेले असते. किती वाजता आली?”

भावानं फाइल तिला पुढे पाठवली तेव्हा मूळ मेसेजचा फोटोही दिला होता. तिनं तो उघडला.

“अकरा चाळीस.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “तुझ्या बाबांना नऊ वाजता आत नेलं,” ते म्हणाले. “मी तिथंच होतो. अकरा चाळीसला ते टेबलावर होते, पोरी. छाती उघडलेली होती त्यांची.”

३

भाऊ गच्चीत पाण्याच्या टाकीचं झाकण बसवत होता. तिनं लॅपटॉप कठड्यावर ठेवला आणि एकोणतीस सेकंद दाखवले.

तो आधी उभा होता. मग पायरीवर बसला.

“पुन्हा लाव,” तो म्हणाला.

तिनं लावलं.

“हे माझ्याकडे नव्हतं, ताई. मला आलं ते ‘तिला कळवू नका’पासूनच.”

“माहीत आहे. बाबांचा फोन कुठं होता त्या वेळी?”

“त्यांच्या पिशवीत. बाकावर. मी रक्तपेढीत गेलो होतो, डॉक्टरांनी रक्ताच्या आणखी दोन बाटल्या मागितल्या होत्या. पावती अजून पाकिटात आहे माझ्या.” त्यानं ती काढलीसुद्धा. अकरा चौतीस. रक्तपेढी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. “पावती घेऊन मी बाटल्यांच्या रांगेत असतानाच हे आलं. मला वाटलं, आत जायच्या आधी पाठवलं असेल, नेटवर्क नसेल म्हणून उशिरा पोचलं.”

“पिशवीपाशी कोण होतं?”

“मास्तर. आणि आत्या. आळीपाळीनं चहाला जात होते.”

“तू मला फोन करणार होतास?”

“नंबर लावला होता मी.” त्यानं पावतीची पुन्हा घडी घातली. “खरं सांगतो, ताई. बाबा म्हणाले होते, आत नेलं की घरचे तिला कळवतील, तू रक्ताचं बघ. नक्की कोण ते बोलले नाहीत. अकरा वाजले तरी तुझा फोन नाही आला, तेव्हा म्हटलं आपणच करावा. रांगेत उभं राहून नंबर लावला आणि तेवढ्यात हे आलं. मी कापला फोन. शपथ घातली होती ना त्यांनी.”

“बाबांनी आयुष्यात कधी कुणाला शपथ घातली होती?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“आणि पत्र टाका म्हणे. तुला नाही खटकलं?”

“मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस,” तो म्हणाला. “ताई, मला व्हिडिओ आडव्याचा उभा करता येत नाही. बाबाच करून द्यायचे आणि वर ‘गाढवा’ म्हणायचे. तुला खरंच वाटतं हे मी केलं?”

“नाही,” ती म्हणाली.

तो रडला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. मग म्हणाला, “ते दोन दिवस शुद्धीवर होते, ताई. दार उघडलं की दाराकडे बघायचे. मला वाटायचं, नर्सची वाट बघतात.”

४

ती परत दुकानात आली तेव्हा मास्तर डिलिव्हरीची वही काढून बसले होते.

“माझ्यावर संशय घे,” ते आपण होऊन म्हणाले. “घ्यायलाच हवा. पिशवीपाशी मी होतो. तुझ्यावर राग होता, तोही खरा. वडिलांच्या शेवटच्या शब्दांनी ही पोर दुखावली तर दुखावू दे, असं मनात आणण्याइतका नव्हता. पण ते तू मानायचं कारण नाही. म्हणून दुसरं सांगतो. मी कापलं असतं तर तुला हे सात सेकंद मिळाले नसते. आपल्या मशीनवर जे कापलं जातं ते नव्यानं बनतं. तुझ्या बाबांनी हलका प्रोग्राम दुकानात कधी शिरू दिला नाही.”

हे खरं होतं. ज्यानं कापलं त्याला चिठ्ठीचा पत्ता नव्हता. त्याच्या पडद्यावर सगळं स्वच्छ दिसलं आणि त्याचं समाधान झालं.

“मूळ रेकॉर्डिंग कुठंय?”

“इथंच केलं होतं त्यांनी. ऑपरेशनच्या दहा दिवस आधी, या खुर्चीत, मला बाहेर बसवून. पण खासगी रेकॉर्डिंग गिऱ्हाइकाला दिलं की आठव्या दिवशी आपली कॉपी पुसायची, हा नियम. स्वतःचंही पुसलं. नियमाचा माणूस.” मास्तरांनी वही तिच्याकडे फिरवली. “नोंद मात्र केलीय.”

बाबांचं तिरकं, दाटीवाटीचं अक्षर. ‘रेकॉर्डिंग स्वतःचं. १४ मिनिटं. पेनड्राइव्ह १, दोन्ही तोंडांचा. लहान साइझ करून दिलं, जुन्या मशीनला झेपेल असं.’ आणि गिऱ्हाइकाच्या रकान्यात फक्त ‘घरचे’.

चौदा मिनिटं. तिच्याकडे त्यातले बावीस सेकंद होते.

“लहान साइझ,” ती पुटपुटली.

व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हाच चित्र बारीक आणि पुसट वाटलं होतं. फोनवरून आलं म्हणून बिघडलं असेल, अशी तिनं समजूत करून घेतली होती. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल वाटेत बिघडत नाही, हे या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चित्र आधीपासूनच लहान होतं. बाबांनी ते मुद्दाम लहान केलं होतं, कारण ज्याला द्यायचं त्याचं मशीन म्हातारं होतं.

भावाकडे कॉम्प्युटरच नव्हता. तिचा लॅपटॉप नवा. मास्तरांचं मशीन दुकानातलं, सगळ्यात तगडं.

“मास्तर, दोन्ही तोंडांचा म्हणजे?”

“एक तोंड कॉम्प्युटरला लागतं, दुसरं फोनला.”

म्हणजे पिशवीतला, कधीच लॉक नसलेला फोन घेऊन, त्याला पेनड्राइव्ह लावून, फाइल पाठवून, फोन परत ठेवायला पाच मिनिटं पुरली असती. एकजण चहाला गेला की दुसऱ्याला तेवढी मिळत होती.

तिनं डोळे मिटले आणि बाबांची उचललेली हनुवटी पाहिली. जड केलेला आवाज. बाबा नकला छान करायचे. बँकेतल्या साहेबाची करायचे, डॉक्टरची करायचे. आणि फार क्वचित, घरात कुणी नाही असं बघून, स्वतःच्या वडिलांची.

आजोबा गेले त्याला छत्तीस वर्षं झाली होती. अचानक गेले, असं घरात सांगितलं जायचं. इतके अचानक, की त्यांच्या मुलीला कळवायला वेळच मिळाला नाही. ती दूर नोकरीला होती. तिला चौथ्या दिवशी पत्रानं कळलं.

या घरात असं पत्र एकीलाच गेलं होतं.

आणि तिच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता. शिवणक्लासचे व्हिडिओ ती त्याच्यावर कापायची आणि शिकणाऱ्या बायकांना पाठवायची. त्याला झेपेल असा हलका प्रोग्राम तिला बाबांनीच टाकून दिला होता.

५

आत्याच्या क्लासमध्ये दुपारी कुणी नसायचं. लांबलचक टेबलावर निळं कापड पसरलेलं होतं आणि आत्या खडूनं त्यावर बाहीची रेघ ओढत होती.

“ये. जेवलीस?”

“जेवले.”

“खोटं बोलतेस. डबा आहे तिथं.”

थोरलीनं डब्याकडे पाहिलं नाही. लॅपटॉप टेबलाच्या टोकाला ठेवून तिनं एकोणतीस सेकंद लावले. आत्यानं रेघ पुरी केली. बाबांचा पहिला शब्द कानावर पडला तेव्हा तिनं खडू खाली ठेवला आणि शेवटपर्यंत पडद्याकडे बघितलं नाही.

“मी पुसलं होतं ते,” ती म्हणाली.

“पुसलं गेलं नाही. नुसतं झाकलं गेलं.”

“त्यानंच दिलेला प्रोग्राम.” आत्या स्टुलावर बसली. “माझ्या हातात धड वस्तू त्यानं कधी दिली नाही.”

थोरलीनं लॅपटॉप मिटला.

“अचानक गेले, असं छत्तीस वर्षं सांगत आला मला,” आत्या म्हणाली. “छत्तीस वर्षं. माझ्या हातचं जेवला, माझ्याकडून सदरे शिवून घेतले. आणि ऑपरेशनच्या तोंडावर पेनड्राइव्ह आणून देतो. म्हणतो, अक्का, सवडीनं बघ, तोंडानं बोलायला मला जमत नाही. काय आहे त्यात? अकरा दिवस होते माझे बाबा. अकरा दिवस अंथरुणावर. आणि यानं मला कळवलं नाही, कारण त्यांनी शपथ घातली. वयात आलेला बाप्या होता तो, पोरी. एक पत्र आधी टाकता आलं असतं.”

“त्याबद्दल माफी मागितली ना त्यांनी?”

“मागितली. नीट मागितली. रडला.” आत्यानं पदरानं हात पुसले, जणू खडू अजून लागलेलाच आहे. “माफी मागून होत नाही तोच काम सांगितलं.”

“कसलं काम?”

आत्यानं टेबलावरची कात्री उचलून बाजूला ठेवली.

“आत्या, कसलं काम?”

“मी एक दिवस म्हटला होता,” आत्या म्हणाली. “एकच दिवस. ऑपरेशन होऊ दे, शुद्धीवर येऊ दे, मग सांगू तुला. तू भांडशील त्याच्याशी, मला का नाही सांगितलं म्हणून. त्याला एकदा कळू दे, कुणी असं विचारलं की काय उत्तर द्यायचं असतं. एवढंच होतं माझ्या मनात. तो मरेल असं कुणी म्हटलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा म्हणाले नव्हते.”

“दोन दिवस ते शुद्धीवर होते.”

“हो.”

“दाराकडे बघत होते.”

“हो,” आत्या म्हणाली. “मी खुर्चीतच होते. मला एकदा विचारलं त्यानं, निघाली का ती? मी म्हटलं, निघालीय.”

थोरलीनं टेबलाची कड धरली. निळं कापड तिच्या मुठीत चुरगळलं आणि आत्यानं सवयीनं ते सोडवायला हात पुढे केला. मग तो तसाच मागे घेतला.

“पुढचं दाखव मला,” थोरली म्हणाली. “चौदा मिनिटं आहेत. सगळी.”

आत्या उठली. शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या खाली, पेनड्राइव्ह होता. जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लागला. दोघी शेजारी उभ्या होत्या आणि कुणीच बसत नव्हतं. मग बारीक, पुसट चित्रात बाबा आले, दुकानातल्या त्याच खुर्चीत. आत्यानं न बघता फाइल पुढे सरकवली. कुठं थांबायचं ते तिला पाठ होतं.

बाबांनी हनुवटी उचलली, आजोबांचे शब्द म्हटले आणि खाली बघितलं. थोरलीच्या फाइलमध्ये चित्र इथं संपायचं. इथं ते संपलं नाही. बाबांनी मान वर केली तेव्हा आवाज त्यांचा स्वतःचा होता.

“मी तसं करणार नाही, अक्का. माझ्या वेळेला माझ्या लेकीला पहिला फोन. ती आल्याशिवाय मला काही सुचणार नाही. पोराला मी रक्ताच्या धावपळीत टाकणार आहे, त्याच्या हातून राहील. म्हणून फोन तू करायचास. मला आत नेलं की लगेच. तुझ्यावर हे सोपवतो, कारण न कळवण्याचं दुःख तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.”

आत्यानं चित्र थांबवलं.

खोलीत कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर तेवढी चालू होती. थोरली त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तीन आठवडे जे छातीवर होतं ते उतरलं होतं, आणि त्याच्या जागी दुसरं येऊन बसलं होतं. त्याला काय म्हणायचं ते तिला कळेना. बाबांना ती हवी होती. सगळ्यात आधी हवी होती. आणि ते तिची वाट बघत, ती निघालीय असं मानून गेले होते.

“तुला मला काय बोलायचं ते बोल,” आत्या म्हणाली. “मारायचं तर मार.”

“मला काही बोलायचं नाही.”

“मग काय करू मी? सांग. काहीही सांग.”

थोरलीनं फार विचार केला नाही. तिनं आत्याचा फोन टेबलावरून उचलला आणि तिच्या हातात दिला.

“तुला सांगितलं होतं ते कर,” ती म्हणाली.

आत्याला कळायला क्षणभर लागला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा थोरलीच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. थोरली पाठ फिरवून दारापाशी गेली, उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं फोन कानाला लावला.

“हॅलो.”

पलीकडून आणि पाठीमागून एकच श्वास ऐकू आला.

“पोरी,” आत्या म्हणाली, “तुझ्या बाबांना आत नेलंय. तुझी वाट बघतोय तो. ये.”

“निघाले,” ती म्हणाली.